तापविलेलें दूध निवविण्याचें वेटोळें व तें पाण्याच्या नळास जोडण्याची रीत

वऱ्हाडांत ज्यांच्या घरीं चार म्हशी आहेत त्यांस चैत्र-वैशाखांत एक प्रश्न रोज पडतो. सकाळचें वीस लिटर दूध दह्यासाठीं तापवून उतरविलें, तर तें विरजणाजोगें कोमट होईपर्यंत तिसरा प्रहर उलटतो. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जाणें नवें नाहीं. जेथें हवाच अशी तापलेली तेथें चुलीवरचें पातेलें निवणार तरी कशानें? तोंड उघडें ठेवावें तर धूळ व माशा. झांकावें तर ऊब आंतच कोंडते. घाई करून दूध कढत असतांच विरजण घातलें तर विरजणांतील उपयोगी जंतु पन्नास-पंचावन अंशांच्या वर तग धरीत नाहींत आणि दहीं लागत नाहीं. उशीर केला तर दहीं लागतें खरें, पण त्यास पाणी सुटतें, वास येतो, आणि गिऱ्हाईक दुसरे दिवशीं पाठ फिरवितें.

प्रस्तुत लेखकाचा गोठा शेतावर आहे, व दूध जठारपेठेंतील राहत्या घरीं आणून त्याचें दहीं लावण्याचा परिपाठ आहे. या दुधासाठीं नळीचें एक वेटोळें करून तें पाण्याच्या नळास जोडलें. त्यांत ज्या चुका झाल्या व त्यांतून जी रीत ठरली ती येथें सांगावयाची आहे. वेटोळें करणें हें काम सोपें. नळास जोडणें हें वरवर त्याहून सोपें दिसतें, पण सारी मेख तेथेंच आहे.

दूध एकदां उकळलें म्हणजे निर्धोक झालें, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अर्धीच खरी. उकळींनें बहुतेक जंतु मरतात, परंतु कांहीं जातींचीं बीजें उकळींतूनहि वांचतात. दूध पन्नास अंशांखालीं उतरून ऊनकोमट स्थितींत तासन् तास पडून राहिलें म्हणजे तीं बीजें रुजतात व आपलें विरजण पोंचण्यापूर्वींच दुधाचा ताबा घेतात. पिकाआधीं तण उगवावें तसाच हा प्रकार होय. म्हणून दहीं उत्तम लागावयाचें तर दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून कांहीं मिनिटें तेथें धरावें (यानें दुधांतील निवळीचीं प्रथिनें बदलून दहीं घट्ट बसतें) आणि मग तें शक्य तितक्या लवकर ४० अंशांवर आणून लगेच विरजण घालावें. मधला काळ जितका तोकडा तितकें दहीं चोख.

ही गोष्ट प्रथम पुरतेपणीं ओळखली ती युरोपांतील बियर करणाऱ्यांनीं. तेथें जवाचा गोड काढा उकळून निववावा लागतो व निवल्यावरच त्यांत किण्व घालतात. काढा निवण्यास वेळ लागला कीं परके जंतु शिरून माल आंबट होतो, हें पाश्चर यानें १८७६ सालच्या आपल्या बियरविषयक ग्रंथांत दाखविलें. फ्रान्समध्यें बोदलो याच्या नांवानें प्रसिद्ध झालेलें एक यंत्र या काढ्यासाठींच निघालें. त्यांत आडव्या नळ्यांतून थंड पाणी वाहतें व बाहेरून काढ्याचा पातळ पडदा ओघळतो. हेंच यंत्र पुढें दुग्धालयांनीं उचललें. आजहि तिकडील हौशी लोक घरच्या घरीं तांब्याच्या नळीचें वेटोळें काढ्यांत बुडवून त्याचें एक टोंक स्वयंपाकघरांतील नळास जोडतात. आपल्याकडे घरीं विनापरवाना मद्य करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हा आहे, व तो आपला विषयहि नव्हे. पण विद्या कोणाचीहि असो, दुधाच्या कामीं आली तर घ्यावी. शिवाय वाहत्या पाण्यानें ऊन वस्तु निवविणें आपल्या लोकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. खानदेशांत रोशा गवताचें तेल गाळणारे आपल्या भट्ट्या ओढ्याच्या कांठींच मांडीत व वाफ धरण्याचें भांडें वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवीत.

आतां नळी कशाची असावी? काढ्यासाठीं तांबें वापरतात म्हणून दुधासहि तेंच घेण्याचा मोह होतो. तांबें वळतेंहि सहज व फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतेंहि सहज. परंतु दुधांत तांबें नको. तांब्याचा अंश किंचितहि उतरला तरी दुधाच्या स्निग्धांशास खवट वास येऊं लागतो, आणि आपल्या नागपुरी किंवा पूर्णाथडी म्हशीच्या दुधांत तर स्निग्धांश भरपूर. आंबट पदार्थास कल्हई नसलेलें तांब्याचें भांडें लावूं नये, हें आपल्या आजीबाईंसहि माहीत होतें. यास्तव नळी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. यावर कोणी म्हणेल कीं उष्णता वाहून नेण्यांत तांबें पोलादाच्या पंचवीसपट सरस आहे, तेव्हां काम पंचवीसपट सावकाश होईल. तसें होत नाहीं. नळीचा पत्रा एक मिलिमीटरहूनहि पातळ असतो. खरा अडथळा पत्र्याचा नसून नळीस बाहेरून चिकटून राहणाऱ्या दुधाच्या थराचा असतो. तो थर ढवळण्यानें मोडतो, तांब्यानें नाहीं.

वीस लिटर दुधास अर्धा इंच बाहेरील व्यासाची आठ मीटर नळी पुरते. ती हातानें वांकवूं गेल्यास चेपते, म्हणून रोलर असलेल्या कारखान्यांतून सुमारें २५ सेंटिमीटर व्यासाचे नऊ वेढे करून घ्यावे. दोन वेढ्यांत करंगळीएवढी फट राहिली पाहिजे, म्हणजे दूध मधून खेळेल व घासणीहि आंत जाईल. गॅसच्या शेगडीस किंवा गीझरला लावतात तसली वळ्यावळ्यांची लवचीक नळी मात्र घेऊं नये. तिच्या खांचांत साय बसली कीं ती ब्रह्मदेवासहि निघावयाची नाहीं. वेटोळ्याचीं दोन्ही टोंकें सरळ वर आणून पातेल्याच्या कांठाबाहेर वीतभर न्यावींत व तेथून खालीं वळवावींत. या वीतभर नळीचें महत्त्व मला फार महाग पडून कळलें.

पहिल्या वेटोळ्याचीं टोंकें मीं पातेल्याच्या वरच संपविलीं होतीं, आणि पाणी बाहेर नेण्यास बागेची साधी प्लॅस्टिकची नळी नुसती ओढून बसविली होती. नळ सोडला. प्रथम बाहेर पडणारें पाणी जवळजवळ दुधाइतकेंच कढत असतें, हें लक्षांतच आलें नाहीं. त्या ऊन पाण्यानें प्लॅस्टिक मऊ झालें, नळी निसटली, आणि पाण्याची चूळ सरळ दुधांत पडली. नळ बंद करीपर्यंत तीन-चार लिटर पाणी दुधांत गेलें असावें. दूध विकणाऱ्याच्या दुधांत पाणी! गिऱ्हाइकास काय सांगणार? तें सारें दूध वासरांस व शेजारच्या कुत्र्यांस गेलें, आणि हातावर फोड आला तो वेगळाच. त्या दिवसापासून नियम ठरला कीं दुधाच्या वर एकहि सांधा असूं द्यावयाचा नाहीं. सांधा आज ना उद्यां गळणारच. तो गळला तर जमिनीवर गळावा.

नळाकडील जोडणी अशी करावी. ज्या तोटीस आटे नाहींत तिच्यावर रबरी नळी चढवून तार आवळण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, ती सोडावी. अर्ध्या इंचाचे आटे असलेली तोटी बसवून तिच्यावर आट्यांचें नळीजोड-निपल टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून घट्ट करावें. जुने कारागीर सुतळी व सफेता वापरतात. सफेत्यांत शिसें असूं शकतें, आणि हें पाणी पुढें गुरांस पाजावयाचें असल्यानें तें टाळावें. निपलावर धाग्याच्या विणीची जाड नळी चढवून स्क्रूची पोलादी क्लिप आवळावी, व वेटोळ्याच्या टोंकाशींहि तसेंच करावें. बाहेर जाणाऱ्या बाजूस उष्णता सोसणारी, म्हणजे सिलिकॉनची किंवा गरम पाण्यासाठींच केलेली नळीच पाहिजे.

पाण्याची धार कमीजास्त करण्याची चावी नेहमीं आंत येणाऱ्या बाजूस असावी. बाहेर जाणाऱ्या बाजूस चावी, गांठ, चिमटा कांहींहि लावूं नये. बाहेरची वाट बंद झाली कीं नळाचा सारा दाब वेटोळ्यावर व सांध्यांवर येतो. वाट उघडी असली तर वेटोळ्यांत दाब असा फारसा राहत नाहीं, व एखादा सांधा सैल असला तरी तो पिचकारी मारीत नाहीं.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बाहेर जाणाऱ्या नळीचें टोंक बादलींत किंवा हौदांत बुडवून ठेवूं नये. पाण्याच्या वर चार बोटें अधांतरी असावें. शहरांतील नळ ठराविक वेळीं येतो व जातो. जातांना मुख्य नळांत पोकळी होऊन पाणी उलटें ओढलें जातें. टोंक बुडलेलें असेल तर बादलींतलें धुणवण वेटोळ्यांतून सार्वजनिक नळांत जाईल व तें शेजाऱ्याच्या पिण्यांत येईल. एकमार्गी झडप लावल्यास उत्तम. पण सर्वांत उत्तम म्हणजे वेटोळें सार्वजनिक नळास थेट न जोडतां प्रथम घरची टांकी भरून घ्यावी व टांकीच्या तोटीस तें जोडावें. नळास मोटर लावून पाणी खेंचून वेटोळ्यांत सोडणें हा तर शेजारधर्मास सोडून असलेला प्रकार आहे.

टांकी तीन मीटर उंचीवर असली तर अर्ध्या इंचाच्या आठ मीटर नळींतून मिनिटास सुमारें आठ लिटर पाणी वाहतें. इतकें पाणी सोडावें काय? येथें थोडा हिशेब करावा लागतो, व तो करण्यासारखा आहे, कारण आमच्या अकोल्यास पाणी फुकट नाहीं. वीस लिटर दूध ९० वरून ४० अंशांवर आणण्यास सुमारें ९६० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. पाणी २८ अंशांचें असून दूध सारखें ढवळीत राहिल्यास, मिनिटास आठ लिटरच्या धारेनें काम १६ मिनिटांत होतें व १३० लिटर पाणी जातें. धार निम्मी करून चार लिटर ठेवली तर १८ मिनिटें लागतात, पण पाणी ७० लिटरच लागतें. आणखी निम्मी केली तर २३ मिनिटें व ४६ लिटर. हे आंकडे हिशेबाचे आहेत. कमीजास्त ढवळण्यानें त्यांत फरक पडेल. परंतु धडा स्पष्ट आहे. पूर्ण नळ सोडणारा मनुष्य सात मिनिटें वांचवितो व ऐंशीहून अधिक लिटर पाणी गमावतो. बारीक धारेनें पाणी वेटोळ्यांत जास्त वेळ राहतें व अधिक उष्णता घेऊन बाहेर पडतें. लिटरचें माप भरण्यास पंधरा सेकंद लागले म्हणजे धार मिनिटास चार लिटर झाली. घड्याळ लावून एकदां पाहावें व चावीवर खूण करून ठेवावी.

आतां उन्हाळ्याकडे वळूं. गच्चीवरील काळ्या टांकींतलें पाणी वैशाखांत दुपारीं चाळीस अंशांवर जातें. त्यानें दूध ४० वर आणावयाचें म्हणजे आंधळ्यानें आंधळ्यास वाट दाखविणें होय. म्हणून हें काम पहांटेच करावें, टांकीवर छप्पर घालून तिला ओलें गोणपाट गुंडाळावें, आणि उघड्यावरून उन्हांत गेलेल्या नळांतील पहिलें तापलेलें पाणी बादलींत सोडून मगच वेटोळें जोडावें. तरीहि पाणी ३४ अंशांचें असलें तर चार लिटरच्या धारेनें पंचवीस मिनिटें व जवळजवळ १०० लिटर पाणी लागतें. त्यांतहि ९० पासून ५० पर्यंत दूध चौदाच मिनिटांत येतें. राहिलेल्या शेवटल्या दहा अंशांसच बाकीचीं अकरा मिनिटें व चाळीसांवर लिटर खर्ची पडतात. कारण उघड आहे. दूध व पाणी यांच्या उष्णतामानांत अंतर उरलें नाहीं कीं देवघेव मंदावते.

यावर उपाय वऱ्हाडच्या कोरड्या हवेनेंच दिला आहे. जी हवा आपला जीव घेते तीच मातीच्या रांजणास गार करते. सावलींत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवलेल्या पाझरत्या रांजणांत पाणी भर उन्हाळ्यांतहि २६-२७ अंशांच्या आसपास येऊं शकतें. म्हणून दूध ५० अंशांवर येईपर्यंत टांकीचें पाणी वापरावें; मग चावी बंद करून आंत येणारी नळी हवेच्या कूलरमधील लहान पंपास जोडावी, पंप चाळीस लिटरच्या रांजणांत सोडावा, व बाहेरची नळी त्याच रांजणावर आणावी. तेंच पाणी फिरून फिरून वापरलें जातें. शेवटले दहा अंश सात-आठ मिनिटांत उतरतात व रांजणाचें पाणी पांचच अंश तापतें. संध्याकाळपर्यंत तें पुन्हां निवतें. ज्यांस बर्फ सुलभ असेल त्यांनीं त्याच रांजणांत बर्फाची लादी टाकावी. बर्फ दुधांत टाकणें मात्र वर्ज्य. पंपाच्या विजेविषयीं एकच सांगतों. रांजणांत हात घालण्यापूर्वीं बटण बंद करून प्लग काढावा, आणि वायर ओल्या जमिनीवरून नेऊं नये. पावसाळ्यांत हवा ओली असल्यानें रांजण निवत नाहीं, पण तेव्हां नळाचें पाणीच गार असतें, त्यामुळें अडत नाहीं.

प्रत्यक्ष काम करतांना क्रम असा असावा. वेटोळें प्रथम बादलीभर पाण्यांत बुडवून एक टोंक बुचानें बंद करावें, दुसऱ्यांतून सायकलच्या पंपानें हवा भरावी. कोठें बुडबुडा आला तर तें वेटोळें दुधांत घालूं नये. ही परीक्षा आठवड्यांतून एकदां तरी करावी. नंतर फुंकर मारून आंतील पाणी पूर्ण काढून टाकावें व दूध तापत असतांना शेवटलीं दहा मिनिटें स्वच्छ वेटोळें दुधांतच ठेवावें, म्हणजे तेंहि उकळून निर्धोक होतें. आंत पाणी राहिलें तर त्याची वाफ होऊन कढत पाणी टोंकांतून उडतें. यास्तव टोंकें भिंतीकडे असावींत, मुलांकडे नव्हे. चुलीवरून उतरविल्यावर नळ्या जोडून चावी सावकाश उघडावी. बाहेरची नळी हातांत धरूं नये, बादलीच्या कडीस बांधावी. पातेल्यावर धुतलेलें मलमल पसरून त्याच्या कडेनें पोलादी पळी आंत सोडून दूध हलक्या हातानें, पण न थांबतां ढवळावें. उष्णतामापक पाऱ्याचें नसावें. तें दुधांत फुटलें तर दूधहि गेलें व पातेलेंहि गेलें.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. हें साधन दह्यासाठीं आहे. जें दूध कच्चेंच केंद्रावर पाठवावयाचें, तें टिकण्यास चार-पांच अंशांपर्यंत थंड व्हावें लागतें. तें काम विजेवर चालणाऱ्या शीतकाचें आहे, नळाच्या पाण्याचें नव्हे. वेटोळें लावून दूध निवविलें म्हणून तें उद्यांपर्यंत टिकेल, असें कोणी समजूं नये.

पूर्णेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या खारपाण पट्ट्यांतील बंधूंस थोडी अधिक काळजी घ्यावी लागेल. तेथील विहिरींच्या पाण्यांत क्षार फार. असें पाणी तापलेल्या नळींतून गेलें कीं आंतून पांढरा थर बसतो, धार बारीक होते व निववण मंदावते. त्याहून वाईट म्हणजे मिठाच्या अंशानें साध्या स्टेनलेस स्टीलसहि सूक्ष्म छिद्रें पडतात. दुकानदार ३०४ व ३१६ अशा दोन जाती दाखवितो. खाऱ्या पाण्याच्या गांवीं महाग पडली तरी ३१६ च घ्यावी. रोजचें काम आटोपल्यावर तांब्याभर गोडें पाणी नळींतून ओतून सोडावें, व महिन्यांतून एकदां लिंबाच्या सत्त्वाचें ऊन पाणी आंत भरून अर्धा तास ठेवावें. रांजणाच्या पद्धतींत तेंच तें पाणी फिरत असल्यानें क्षार कमी सांचतो. पावसाचें सांठविलेलें पाणी रांजणासाठीं राखून ठेवणें शक्य असेल तर त्याहून चांगलें कांहीं नाहीं.

बाहेर पडलेलें पाणी वायां घालवूं नये. पहिल्या दोन बादल्या चांगल्या कढत असतात. त्यांत धुण्याचा सोडा टाकून दुधाच्या किटल्या धुण्यास त्या पुरतात. पुढचें पाणी निवल्यावर गुरांच्या हौदांत जातें. आमच्याकडे उरलेलें पाणी आवारांतील लिंबाच्या झाडास जातें.

वेटोळें दुधांतून काढल्याबरोबर साध्या पाण्यानें धुवावें. साय वाळली कीं मग अर्धा तास घांसावें लागतें. त्यानंतर सोड्याचें ऊन पाणी, मग नुसतें कढत पाणी, आणि शेवटीं दोन्ही टोंकें खालीं करून खुंटीस टांगावें, म्हणजे आंतील थेंबन् थेंब निथळून जातो. टोंकांवर स्वच्छ फडकें बांधण्यास विसरूं नये. आमच्याकडे एकदां तें राहून गेलें आणि सकाळीं चावी उघडतांच बाहेरच्या नळींतून प्रथम कुंभारमाशीचें मातीचें घर निघालें व मग पाणी आलें.